प्रश्न तुमचे : चंद्र, उल्का आणि चांदीची नाणी

अवकाश मोहिमा, ग्रह-तारे, उल्का अशी चित्रं असलेल्या चांदीच्या नाण्यांवर या वेळी प्रश्न मागवले होते. बऱ्याच पत्रांत एकच विचारणा आहे : ‘सोबत फोटो जोडला आहे, किंमत किती येईल?’ फोटोवरून किंमत सांगणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. म्हणून ती पत्रं बाजूला ठेवली आणि ओळख, पारख व जपणूक यांवरचे प्रश्न घेतले.

प्रश्न : मामांनी अमेरिकेतून आणलेले तीन मोठे डॉलर घरात आहेत. एका बाजूला अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर, दुसऱ्या बाजूला चंद्रावर उतरणारा गरुड. १९७१ च्या नाण्यावर कसलंही अक्षर नाही. १९७२ आणि १९७४ च्या नाण्यांवर ‘एस’ आहे, त्यातलं १९७४ चं तपकिरी डबीत आहे. सराफाने एक नाणं कसोटीवर घासून ‘८० टक्के चांदी’ असं सांगितलं. बरोबर आहे का? (ठाणे)

उत्तर : सर्वांत आधी, नाणी पुन्हा कसोटीवर घासू देऊ नका. संग्राहकाच्या दृष्टीने घासलेलं नाणं आणि मोडीची चांदी यांत फारसा फरक उरत नाही.

सराफ खोटं बोलला नाही, पण कसोटीने त्याला अर्धीच गोष्ट सांगितली. या डॉलरच्या चांदीच्या प्रकाराचे तीन थर असतात. वरचे दोन पातळ थर ८० टक्के चांदी आणि २० टक्के तांब्याचे. पोटातला जाड थर मात्र २०.९ टक्के चांदीचा, बाकी तांबं. सगळं मिळून चांदी भरते ४० टक्के. कसोटीचा दगड असो की सराफाकडचं क्ष-किरणांनी धातू ओळखणारं एक्सआरएफ यंत्र, दोन्ही वरचाच थर वाचतात. अख्ख्या नाण्याचं वजन ८० टक्क्यांनी गुणून भाव मागितलात, तर पुढे कोणीतरी ते वितळवेल तेव्हा वाद होणार.

आता तुमची तीन नाणी. टांकसाळीचं अक्षर पुतळ्याच्या मानेखाली, सालाच्या वर असतं. अक्षर नसलेलं १९७१ चं नाणं फिलाडेल्फियाचं. त्यात चांदी अजिबात नाही, तांब्यावर तांबं-निकेलचा थर आहे. ‘डी’ म्हणजे डेन्व्हर, तिथल्या नाण्यांचंही तेच. ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. १९७१ आणि १९७२ ची ‘एस’ नाणी चांदीची, तिथे शंकेला जागा नाही. गोंधळ होतो तो १९७३ पासून. त्या वर्षापासून सॅन फ्रान्सिस्कोने बिनचांदीची प्रूफ (संग्राहकांसाठी आरशासारखी चकचकीत पाडलेली) नाणीही पाडली आणि त्यांवरही ‘एस’च आहे. त्यामुळे १९७३, १९७४ आणि १७७६-१९७६ असं दुहेरी साल असलेल्या नाण्यांसाठी अक्षरावर विसंबू नका, वजन करा. चांदीचं नाणं २४.५९ ग्रॅम, बिनचांदीचं २२.६८ ग्रॅम. जवळजवळ दोन ग्रॅमचा फरक आहे, साध्या डिजिटल काट्यावरही कळतो. (१९७५ साल असलेला आयझेनहॉवर डॉलर पाडलेलाच नाही. कोणी दाखवला तर हात जोडा.)

तपकिरी डबी हा चांगला पुरावा आहे, कारण १९७४ पर्यंतची चांदीची प्रूफ नाणी त्या डबीतूनच विकली गेली. चांदीची साधी नाणी निळ्या पाकिटात येत. पण डबी उघडता येते आणि आतलं नाणं बदलताही येतं, म्हणून वजन कराच. अस्सल असेल तर त्यात शुद्ध चांदी ९.८३ ग्रॅम. डॉलर आकाराने ३८.१ मिलिमीटर असल्याने हातात भरपूर वाटतो, चांदी मात्र एक तोळ्यालाही जरा कमीच.

जाता जाता, मागचा गरुड हे अमेरिकेच्या टांकसाळीतले कोरीवकार फ्रँक गॅस्पारो यांनी अपोलो ११ च्या मोहीमचिन्हावरून केलेलं रेखाटन. ते मूळ चिन्ह बरंचसं अंतराळवीर मायकेल कॉलिन्स यांच्या कल्पनेतून आलेलं. नासाची स्थापना करणाऱ्या कायद्यावर १९५८ मध्ये सही आयझेनहॉवर यांचीच होती, त्यामुळे एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला चंद्र ही जोडी उगाच जुळवलेली नाही.

प्रश्न : अपोलो ११ च्या पन्नाशीचं वाकडं, बशीसारखं नाणं घेतलं. मूळ डबी नव्हती. बाजारातल्या ३८ मिलिमीटरच्या कॅप्सूलमध्ये ते बसत नाही, झाकण दाबलं की वरचा भाग प्लास्टिकला टेकतो. शिवाय हे नाणं चांदीचंच आहे हे कसं ओळखावं? याच चित्राची स्वस्त नाणीही दिसतात. (नाशिक)

उत्तर : झाकण दाबू नका. प्रूफ नाण्याचा उंचवटा प्लास्टिकला टेकला की प्रवासात, किंवा नुसतं कपाट उघडताना-मिटताना, त्यावर केसासारख्या बारीक रेघा उमटतात. नेमका तो उंचवटा म्हणजे अंतराळवीराच्या शिरस्त्राणाची काच. आरशासारखा भाग तोच. रेघा दिसणारही तिथेच.

हे नाणं मुद्दाम वाकवून पाडलेलं आहे. खोलगट बाजूवर चंद्राच्या धुळीतला बुटाचा ठसा, आणि मर्क्युरी, जेमिनी, अपोलो या अमेरिकन अवकाश मोहिमांच्या नावांच्या मध्ये चंद्राच्या कला. फुगीर बाजूवर बझ ऑल्ड्रिन यांच्या शिरस्त्राणाची काच, तिच्यात नील आर्मस्ट्राँग, चांद्रयान आणि झेंड्याचं प्रतिबिंब. मूळ फोटो आर्मस्ट्राँग यांनी २० जुलै १९६९ रोजी काढलेला. फुगवट्यामुळे काच खरोखर काचेसारखी दिसते. वाकवलेल्या नाण्यांत इतकं चपखल चित्र क्वचितच सापडतं.

कॅप्सूल घेताना व्यासाबरोबर आतली उंचीही विचारा. ‘डोम’ किंवा ‘कर्व्हड’ नाण्यांसाठी वेगळ्या कॅप्सूल मिळतात. त्या नसतील तर कडेला मऊ फोमची कडी असलेली, आतून उंच कॅप्सूल घ्या. नाणं फक्त कडेवर टेकलं पाहिजे, मधला भाग दोन्हीकडून मोकळा. फोम पॉलिइथिलीनचा हवा. काळं रबर नको, त्यातल्या गंधकाने कड काळी पडते.

ओळखीचं म्हणाल तर २०१९ मध्ये हेच चित्र चार नाण्यांवर आलं : पाच डॉलरचं सोन्याचं, एक डॉलरचं चांदीचं, अर्ध्या डॉलरचं तांबं-निकेलचं, आणि पाच औंस वजनाचं चांदीचं मोठं नाणं. तुम्ही पाहिलेली स्वस्त नाणी म्हणजे बहुतेक अर्धा डॉलर. तो ३०.६ मिलिमीटर, ११.३४ ग्रॅम, चांदी शून्य. चांदीचा डॉलर ३८.१ मिलिमीटर, २६.७३ ग्रॅम, शुद्धता ९९९ (हजारात ९९९ भाग चांदी). पाच औंसवालं ७६.२ मिलिमीटर आणि १५५.५ ग्रॅम. अर्ध्या डॉलरवर चांदीचा किंवा सोन्याचा मुलामा चढवून ‘खास आवृत्ती’ म्हणून विकणारे आहेत. असा मुलामा टांकसाळीत चढलेला नसतो, तो मागाहून कोणीतरी चढवतो, आणि त्याने नाण्याची किंमत वाढत नाही, उतरते.

जाहिरातींत ‘फक्त ४,००,०००’ असं छापलेलं दिसतं. ती चांदीच्या डॉलरची कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादा आहे. मर्यादा म्हणजे पाडलेली संख्या नव्हे आणि विकलेली तर त्याहून नव्हे.

प्रश्न : घरच्या घरी, नाण्याला ओरखडा न पाडता चांदी तपासता येते का? (कोल्हापूर)

उत्तर : येते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा, काचेचा पेला, डिस्टिल्ड पाणी आणि पॉलिएस्टरचा बारीक दोरा पुरतो.

आधी नाणं कोरडं तोलून वजन लिहून ठेवा. मग पेला दोन-तृतीयांश पाण्याने भरा, त्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एकच थेंब टाका (त्याने बुडबुडे नाण्याला चिकटत नाहीत), पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. नाण्याला दोऱ्याचा फास घाला आणि ते पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा. तळाला किंवा बाजूला टेकू द्यायचं नाही. हात थरथरतो, म्हणून दोरा वर आडव्या पट्टीला बांधलेला बरा. आता काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. शुद्ध चांदीसाठी उत्तर १०.४९ च्या आसपास आलं पाहिजे.

उदाहरणार्थ, एक ट्रॉय औंसचं ३१.१ ग्रॅमचं ९९९ नाणं पाण्यात २.९६ किंवा २.९७ दाखवेल. तेवढ्याच वजनाचं चांदीचा मुलामा दिलेलं तांब्याचं नाणं ३.४७ च्या आसपास. अर्ध्या ग्रॅमचा हा फरक लपत नाही. ९०० किंवा ९२५ चांदीत तांबं मिसळलेलं असल्याने तिथे उत्तर १०.३ ते १०.४ येईल, ते बनावट समजू नका.

चूक कुठे होते? वरच्या नाशिककरांच्या नाण्यासारखं वाकवलेलं नाणं आडवं बुडवलं की खोलगट बाजूखाली हवा अडकते. सहा मिलिमीटरचा एक बुडबुडा साधारण ०.११ ग्रॅम पाण्याची जागा खातो. अस्सल डॉलरचा आकडा २.५५ यायचा तिथे २.६६ येतो, भागाकार १०.०५ वर घसरतो आणि खरं नाणं खोटं ठरतं. असं नाणं कायम उभं, कडेवर बुडवा. आयझेनहॉवर डॉलरसाठी मात्र ही चाचणी अनावश्यक आहे. चांदीच्या आणि बिनचांदीच्या डॉलरच्या पाण्यातल्या आकड्यांत फरक तीन-चार शतांश ग्रॅमचा, तो काट्याच्या चुकीतच विरून जातो. तिथे कोरडं वजन पुरेसं आहे.

दुसरी सोपी चाचणी चुंबकाची. निओडिमियमचा छोटा चुंबक तिरप्या धरलेल्या नाण्यावरून सोडा. चांदीवरून तो अडखळल्यासारखा सावकाश उतरतो. चिकटला तर आत लोखंड आहे. तांब्यावरूनही तो सावकाशच उतरतो, म्हणून ही चाचणी फक्त लोखंडाची नाणी बाद करायला. आणि पाण्याची चाचणी कॅप्सूलमधून बाहेर न काढलेल्या प्रूफ नाण्यावर करू नका. पाण्याचा थेंब वाळला की आरशावर कायमचा ठिपका राहतो. तिथे विक्रेता भरवशाचा निवडणं हाच उपाय.

प्रश्न : सूर्यमालेचं रंगीत ग्रहांचं नाणं आणि काळपट ‘अँटिक’ रूपाचं चंद्राचं नाणं, दोन्हींवर डाग आलेत. अॅल्युमिनियम फॉइल आणि खायच्या सोड्याने चांदीची भांडी लख्ख होतात, तोच उपाय करू का? बायको म्हणते चिंच लाव. (डोंबिवली)

उत्तर : दोन्ही नको. चिंच, रांगोळी, दंतमंजन, पितांबरी हे सगळं समई-निरांजनाला ठीक. नाण्याचं आयुष्य त्याच्या वरच्या कातडीत असतं आणि ती पुन्हा येत नाही.

फॉइल-सोड्याची युक्ती खरी आहे. काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. गरम सोड्याच्या पाण्यात अॅल्युमिनियम त्यातलं गंधक ओढून घेतं आणि चांदी परत मिळते. पण तुमच्या काळपट नाण्याचा काळेपणा टांकसाळीने मुद्दाम चढवलेला आहे, खड्ड्यांत ठेवून उंचवट्यांवरून पुसून काढलेला. चंद्राची विवरं त्यामुळेच खोल दिसतात. सोड्याचं पाणी ‘डाग’ आणि ‘डिझाइन’ असा भेद करणार नाही. पाच मिनिटांत नाणं गुळगुळीत पांढरं होईल. दुकानात मिळणाऱ्या ‘सिल्व्हर डिप’चंही तेच, शिवाय ते आम्लयुक्त असतं आणि प्रूफ नाण्यावरचा दुधी खरबरीत भाग खाऊन टाकतं.

रंगीत नाण्याची गोष्ट वेगळी. ग्रहांचे रंग छापलेले असतात, धातूचे नसतात. नाण्याच्या पिशवीतल्या मऊ पीव्हीसीमुळे जो हिरवट, चिकट थर बसतो तो काढायला संग्राहक शुद्ध अॅसिटोन वापरतात. साध्या, बिनरंगी चांदीच्या नाण्याला ते उत्तम आहे : काचेच्या बरणीत १० मिनिटं बुडवायचं, दुसऱ्या स्वच्छ अॅसिटोनमध्ये विसळायचं, न पुसता वाळवायचं, खिडकी उघडी आणि गॅस बंद ठेवून. नेलपॉलिश रिमूव्हर नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. पण रंगीत नाण्यावर अॅसिटोन पडलं की गुरू आणि शनी बरणीच्या तळाशी जातात. रंगीत नाण्याला काहीही लावू नका. डाग रंगाच्या बाहेर, चांदीवर असला तरी द्रव पसरत रंगाखाली शिरतो आणि पापुद्रे सुटतात.

रंगीत दिसणाऱ्या नाण्यांत एक अपवाद आहे, आणि तो आमचा आवडता : ऑस्ट्रियाची २५ युरोची चांदी-निओबियम नाणी. बाहेरची कडी ९०० चांदीची, मध्ये निओबियम हा धातू. २००९ चं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्षाचं नाणं याच मालिकेतलं. त्यातला रंग हा रंगच नाही. विजेच्या साहाय्याने निओबियमवर ऑक्साइडचा पातळ थर वाढवतात आणि थराच्या जाडीनुसार प्रकाश निळा, जांभळा, हिरवा दिसतो. त्यामुळे अॅसिटोनने तो जात नाही, घासलं मात्र तर थर झिजून रंग बदलतो.

प्रश्न : अवघ्या काही महिन्यांत नव्या चांदीच्या नाण्यावर पांढरे, दुधाचे शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके आले. कॅप्सूल उघडलीही नव्हती. (नागपूर)

उत्तर : याला ‘मिल्क स्पॉट’ म्हणतात. ९९९ चांदीच्या नाण्यांत हे सर्रास होतं. नाण्यांच्या कोऱ्या चकत्या धुताना-तापवताना त्यांवर राहिलेला धुण्याच्या द्रवाचा अंश पुढे कधीतरी वर येतो, असं त्याचं सर्वमान्य कारण. म्हणजे दोष टांकसाळीतला, तुमच्या कपाटातला नाही. घासून जात नाहीत, डिपने जात नाहीत, आणि प्रयत्न करणारे ठिपक्यापेक्षा मोठा डाग करून बसतात. रॉयल कॅनेडियन मिंटने २०१८ पासून ‘मिंटशील्ड’ नावाची प्रक्रिया यासाठीच आणली. विकत घेताना तिरप्या प्रकाशातला फोटो मागा. समोरच्या प्रकाशात हे ठिपके लपतात.

प्रश्न : उल्केचा खरा तुकडा बसवलेलं नाणं आहे. तुकड्याभोवती तपकिरी गंज येऊ लागलाय. विक्रेत्याच्या पत्रिकेवर ‘कांपो देल सिएलो’ लिहिलंय. चुंबक लावला तर चिकटला, म्हणजे नाणं खोटं का? (रत्नागिरी)

उत्तर : खोटं नव्हे. उलट चुंबक चिकटला हे चांगलंच लक्षण. कांपो देल सिएलो हे अर्जेंटिनातलं उल्काक्षेत्र, आणि तिथल्या उल्का लोखंड-निकेलच्या आहेत. वर आम्ही चुंबकाची चाचणी सांगितली ती अशा नाण्याला लागू नाही. चुंबक नाण्याच्या दुसऱ्या टोकाला, तुकड्यापासून लांब लावून पाहा. तिथे चिकटायला नको.

गंजाचं कारण तुमचा पत्ता आहे. जमिनीत हजारो वर्षं पडलेल्या लोखंडी उल्केत क्लोराइड मुरलेलं असतं. दमट हवा मिळाली की ते लोखंडाला आतून पोखरतं, आणि या क्षेत्रातल्या उल्का त्यासाठी कुप्रसिद्धच आहेत. त्यात रत्नागिरीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. लाकडी शोभेच्या पेटीत ठेवलं असेल तर आधी तिथून काढा, लाकूड ओलावा धरतं आणि आम्लाची वाफही सोडतं.

पाणी, तेल, डब्ल्यूडी-४० सारखा गंजावरचा फवारा, काहीही लावू नका. तुकडा बहुतेक वेळा गोंदाने बसवलेला असतो, द्रव आत झिरपला की तुकडा हातात येतो. तेल चांदीच्या दुधी भागात पसरून डाग पाडतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, डब्यात छोटा आर्द्रतामापक टाका आणि आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली आणा. गंज थांबेल, उमटलेला जाणार नाही. सुटलेली भुकटी असेल तर ती कोरड्या, मऊ कुंचल्याने नाण्यापासून दूर झटका. ती आरशावर घासली तर रेघा पाडते. विक्रेत्याची पत्रिका जपून ठेवा. एवढ्याशा तुकड्यावरून उल्का कोणती हे घरी ओळखता येत नाही, कागद हरवला की नुसता गंजका खडा उरतो.

हे अवकाशातल्या देशाचं चलन आहे का, असाही प्रश्न याच पत्रात आहे. अशी बरीच नाणी नियुए, कुक बेटं, पलाऊ या प्रशांत महासागरातल्या छोट्या बेटांच्या नावाने निघतात आणि पाडली जातात भलत्याच देशांत, बरेचदा जर्मनी किंवा पोलंडमध्ये. कायद्याने ती चलन असतात. नियुएच्या दुकानात कोणी त्यावर पाव विकत घेत नाही, एवढंच.

प्रश्न : ऑनलाइन ‘अपोलोबरोबर चंद्रावर जाऊन आलेलं चांदीचं नाणं’ विकायला आहे, किंमतही आवाक्यातली. घ्यावं का? (पुणे)

उत्तर : आवाक्यातली आहे हीच मेख आहे. चंद्रावर जाऊन आलेली चांदीची वस्तू बहुधा नाणं नसते, पदक असतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या रॉबिन्स कंपनीने अपोलो मोहिमांसाठी ९२५ चांदीची पदकं केली. ती अंतराळवीरांसाठीच होती, त्यांवर क्रमांक कोरलेले आहेत, आणि कोणता क्रमांक यानातून गेला याच्या याद्या संग्राहकांत फिरतात. क्रमांक, यादी आणि अंतराळवीराचं पत्र हे तिन्ही जुळलं तरच पुढे बोला. ती लिलावघरातून विकली जातात आणि आवाक्यात नसतात.

‘आवाक्यातल्या’ दोन गोष्टी मात्र खऱ्या असू शकतात. अपोलो १४ बरोबर फ्रँकलिन मिंट या खासगी अमेरिकन टांकसाळीची चांदीची पदकं गेली होती. परतल्यावर त्यातली काही वितळवून मोठ्या घाण्यात मिसळली आणि टांकसाळीच्या संग्राहक सदस्यांना छोटी पदकं वाटली. त्या प्रत्येकात चंद्रप्रवास केलेली चांदी आहे खरी, पण नावापुरती. दुसरी, अपोलो ११ च्या यानाच्या धातूचा अंश मिसळलेली ‘मॅन्ड फ्लाइट अवेअरनेस’ पदकं, जी मोहिमेवर काम केलेल्यांना दिली गेली. तीही खरी, पण ती चांदीची नाहीत. विक्रेता ‘चांदीचं’ आणि ‘यानाचा धातू’ एकाच वाक्यात म्हणाला तर तो या दोन्हींची भेळ करतोय.

प्रश्न : कमी पैशांत सुरुवात कशाने करावी? आणि चांद्रयानाचं चांदीचं नाणं सराफाकडे मिळतं, ते ‘नाणं’ म्हणून धरायचं का? (सोलापूर)

उत्तर : अमेरिकेच्या पाव डॉलरची चांदीची प्रूफ नाणी घ्या. २००२ च्या ओहायो राज्याच्या नाण्यावर अंतराळवीर आणि राइट बंधूंचं विमान आहे, २००४ च्या फ्लोरिडाच्या नाण्यावर स्पॅनिश गलबताबरोबर स्पेस शटल. अंतराळात गेलेल्या पहिल्या अमेरिकन महिला सॅली राइड यांचं नाणं २०२२ मध्ये आलं. तिन्ही साध्या रूपातही निघाली आहेत आणि साध्या प्रूफवरही ‘एस’च असतो, त्यामुळे कड पाहा. साध्या नाण्याच्या कडेला तांब्याची तांबूस रेघ दिसते, चांदीच्या नाण्याची कड एकसारखी पांढरी. वजन : साधं ५.६७ ग्रॅम, २००२ आणि २००४ चं चांदीचं (९००) ६.२५ ग्रॅम, २०२२ चं चांदीचं (९९९) ६.३४ ग्रॅम.

खगोलशास्त्र चालत असेल तर पश्चिम जर्मनीचे पाच मार्क : १९७१ चा केपलर, १९७३ चा कोपर्निकस. ११.२ ग्रॅम, ६२५ चांदी, म्हणजे बरोबर ७ ग्रॅम. हे भरपूर निघालेले आहेत, त्यामुळे चांदीच्या भावाच्या फार वर पैसे मोजू नका.

चांद्रयान-३ च्या (२३ ऑगस्ट २०२३) नंतर सराफांकडे आलेली गोल चकती हे पदक आहे. नाणं सरकार काढतं, त्यावर दर्शनी मूल्य असतं. पदक घ्यायला हरकत नाही, हॉलमार्क आणि शुद्धतेचा आकडा पाहा आणि घडणावळ किती लावली ते पावतीवर वेगळं लिहून घ्या. आपल्या टांकसाळींच्या स्मारक नाण्यांबाबतही एक सांगायला हवं : मुंबईसह सगळीकडची ३५ ग्रॅमची ‘चांदीची’ स्मारक नाणी बहुतेक ५० टक्के चांदीची असतात, बाकी ४० टक्के तांबं आणि प्रत्येकी ५ टक्के निकेल-जस्त. परदेशी ९९९ नाण्याशी ग्रॅमला ग्रॅम तुलना करू नका.

परदेशातून मागवताना सीमाशुल्क नाण्याच्या किमतीवर नाही, किंमत अधिक टपाल अधिक विमा अशा बेरजेवर लागतं. ‘भेटवस्तू’ म्हणून कमी किंमत लिहायला विक्रेत्याला सांगू नका. पार्सल अडकलं तर पावती हाच तुमचा आधार, आणि हरवलं तर विमा लिहिलेल्या किमतीचाच मिळतो.

प्रश्न : पावसाळ्यात नाणी कशी ठेवावीत? सध्या बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. (पनवेल)

उत्तर : लॉकर सुरक्षित असतो, कोरडा असेलच असं नाही. प्रत्येक नाणं कॅप्सूलमध्ये, कॅप्सूल जाड पॉलिइथिलीनच्या झिप पिशवीत, सोबत ५ ते १० ग्रॅम सिलिका जेलची पुडी. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या पीव्हीसीच्या असतात, त्या फेकून द्या. पाच लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम जेल पुरतं. जेल ओलावा शोषतं, गंधक नाही. काळवंडणं थांबवायला त्याच डब्यात अँटी-टार्निश पट्टी हवी, आणि ती पाकिटावर छापलेल्या मुदतीनुसार बदलायची.

जेलचा रंग बदलला की ते ताटात पातळ पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास वाळवा. निळं जेल घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं, नारिंगी घ्या. वाळवलेलं जेल गार होईपर्यंत झाकणबंद काचेच्या बरणीत ठेवा, उघड्यावर गार केलं तर तेवढ्यात निम्मं काम वाया.

घरी ठेवायची असतील तर देव्हाऱ्याजवळचं कपाट टाळा, धूप-कापराचा धूर चांदीला लागतो. डांबरगोळ्यांच्या कपाटात तर अजिबात नको, त्यांच्या वाफेने कॅप्सूलचं प्लास्टिक मऊ पडतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, रबरबँड लावलेली नाणी आजच सोडवा. आणि लॉकर उघडाल तो भर पावसाच्या दिवशी नको. पिशवी उघडलीत की तिथली दमट हवा आत घेऊनच ती बंद होते.